ट्रॅप कॅमेऱ्याने लाजऱ्या वन्य मांजरांचा माग काढताना: नवख्यांसाठी मार्गदर्शन

मार्जारकुळात सुमारे ४० प्रजाती आहेत, पण हे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर वाघ, सिंह, बिबट्या अशी मोजकीच मोठी जनावरे उभी राहतात. उरलेल्या बहुसंख्य प्रजाती लहान आहेत. अंगावर तांबूस ठिपके असलेल्या वाघाटीचे वजन तर जेमतेम दीड किलोच्या आसपास असते. लहान असोत वा मोठी, या साऱ्यांचे पोट दबकून चालण्यावर आणि न दिसण्यावर अवलंबून असते, आणि भक्ष्याला सुगावा लागू नये म्हणून अंगी आलेले तेच कसब माणसालाही चकवते. एखाद्या रानात वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या माणसाला तिथले मांजर एकदाही दिसलेले नसते, आणि तरीही ते त्याच माणसाच्या पायवाटेवरून रात्री-अपरात्री जात असते. ट्रॅप कॅमेरा, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा, ही दोन वेळापत्रके एकत्र आणतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेला धक्का लागताच फ्लॅश उडेल अशी योजना करून रात्रीच्या वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेतली. हिमालयाच्या पायथ्याच्या रानात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्यांनी १९२०च्या दशकात वाटेवर तार ताणून वाघांना स्वतःचेच छायाचित्र काढायला लावले. पुढे वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेतील वाघांच्या अंगावरचे पट्टे ओळखून कॅमेऱ्यांच्या आधारे त्यांची संख्या अंदाजण्याची पद्धत मांडली आणि तिच्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९९५मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी कुणीही कॅमेरा कुठेतरी अडकवून नशिबावर हवाला ठेवला नव्हता. प्राणी कुठून जातो हे त्यांनी आधी शोधले होते. नवखा माणूस बहुधा उलट्या क्रमाने जातो, म्हणजे आधी कॅमेरा घेतो आणि मग तो बांधायला झाड शोधू लागतो. या लेखात म्हणूनच जागेला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

परवानगी आधी

जमीन खाजगी असेल तर मालकाची आणि वनखात्याच्या ताब्यात असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कॅमेरा लावू नये. संरक्षित क्षेत्रांत विनापरवाना कॅमेरा लावणे हा बहुतेक देशांत गुन्हा ठरतो. परवानगी मागताना कॅमेऱ्यांची संख्या, कालावधी आणि छायाचित्रांचे पुढे काय करणार हे स्पष्ट लिहावे. त्या वाटेने गुराखी, लाकूडफाटा गोळा करणारे किंवा फिरायला येणारे लोक जात असतील तर त्यांनाही आधी सांगावे. कॅमेऱ्यात माणसे येणारच. ती छायाचित्रे कुणाला न दाखवता पुसून टाकायची, हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावे. ज्यांना विश्वासात घेतलेले असते तेच लोक पुढे "परवा पहाटे त्या मोरीपाशी काहीतरी शेपटीवाले जनावर पाहिले" अशी बातमी आणून देतात, आणि अशा बातमीची सर कोणत्याही नकाशाला येत नाही.

जागा शोधणे

मांजर काटेरी जाळीतून अंग ओढत जाण्याचे शक्यतो टाळते. सुक्या पाल्यावर पाऊल वाजले तर शिकार हातची जाते, म्हणून जिथे पाऊल न वाजता पडेल अशी मोकळी, सलग वाट ते पसंत करते. जुन्या पायवाटा, वर्दळ नसलेल्या गाडीवाटा, ओढ्यांची कोरडी पात्रे, डोंगराच्या धारा, दोन टेकड्यांमधली खिंड, रस्त्याखालची मोरी, ओढ्यावर आडवा पडलेला ओंडका अशा जागी त्याची ये-जा असण्याची शक्यता जास्त असते. लहान प्रजातींसाठी गवत आणि झुडपे जिथे एकमेकांना भिडतात ती कड विशेष महत्त्वाची आहे, कारण उंदीर-घुशी आणि जमिनीवर चरणारे पक्षी तिथेच सापडतात. दोन वाटा जिथे मिळतात किंवा ओढा जिथे वाट ओलांडतो तिथे एकाच कॅमेऱ्यात दोन्हींकडून येणारे प्राणी सापडतात. पहिल्या कॅमेऱ्यासाठी मी अशीच जागा निवडायला सांगेन. पाणवठ्याचा मोह मात्र जरा आवरावा. तिथे प्राणी खूप येतात हे खरे, पण हरणे, डुकरे, माकडे आणि पक्षी मिळून कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड भरून टाकतात, आणि मांजर पाण्यावर कोणत्या बाजूने उतरेल हे सांगता येत नाही. पाण्याकडे जाणारी अरुंद वाट पाण्याच्या काठापेक्षा भरवशाची असते.

नकाशावर अशा जागा हेरून झाल्या की चालत जाऊन जमीन वाचावी. ठसे पाहायचे तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलताना जावे. तिरप्या उन्हात ठशाच्या कडांची सावली पडते आणि तो उठून दिसतो, भर दुपारी तोच ठसा सपाट होऊन नजरेतून सुटतो. मांजराच्या ठशात चार बोटे असतात आणि चालताना नख्या आत ओढलेल्या असल्यामुळे त्यांच्या खुणा सहसा उमटत नाहीत. चित्ता याला अपवाद आहे, आणि चिखलात घसरलेले मांजरही नख्या बाहेर काढते. त्यामुळे केवळ नख्यांवर विसंबू नये. गुडघे टेकून ठसा जवळून पाहावा. मागच्या मोठ्या गादीची मागील कड नीट न्याहाळली तर मांजरात तिथे तीन गोलसर उंचवटे दिसतात. चार बोटांपैकी एक बोट इतरांच्या किंचित पुढे असते, आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखे, आणि त्यामुळे पूर्ण ठसा जरा एका अंगाला कललेला वाटतो. कुत्र्याचा ठसा दोन्ही बाजूंनी सारखा, लांबट असतो, आणि त्याच्या बोटांच्या व गादीच्या मधल्या उंचवट्यांवरून फुलीसारख्या दोन रेषा ओढता येतात. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून, कॅमेरा बरोबर वरून धरून छायाचित्र घ्यावे आणि एकाच ठशावर न थांबता त्याच्या पुढचे चार-पाच ठसे शोधावेत. मांजर बहुधा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याला लागून टाकते आणि त्याची रांग नेटकी पडते, तर कुत्रा वाटेवर इकडेतिकडे भरकटत, हुंगत जातो.

वाटेवर माती कठीण असेल तर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. संध्याकाळी वाटेच्या पूर्ण रुंदीभर, हातभर लांबीचा पट्टा मोकळा करून त्यावर तिथलीच बारीक माती पसरावी आणि हाताने सारखी करावी. सकाळी त्या पट्ट्यावर रात्रीचा हिशोब लिहिलेला असतो. सलग आठवडाभर चार-पाच जागी असे पट्टे ठेवले तर कॅमेरा कुठे लावायचा याचा निर्णय बराचसा आपोआप होतो, शिवाय आपल्या परिसरातल्या ससा, मुंगूस, साळिंदर, कोल्हा यांच्या पावलांची ओळख होते. ही ओळख पुढे फार कामाला येते.

ठशांइतकीच बोलकी खूण म्हणजे गंधाची जागा. मार्जारकुळातले प्राणी बहुतांशी एकएकटे राहतात आणि एकमेकांशी निरोपांनी बोलतात. मागच्या पायांनी जमीन खरवडून ते लांबट उथळ खळगा पाडतात, ज्याच्या एका टोकाला पाला-माती गोळा झालेली असते. कधी त्यावर विष्ठा किंवा मूत्र असते. वाटेच्या कडेचे कलते खोड, दगडाची पुढे आलेली कड, झुडपाची खालची पाने यांवर शेपटी उभी धरून मूत्राचा फवारा मारतात. वाघाच्या या फवाऱ्यात बासमती तांदळाला सुवास देणारेच रसायन असते हे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवून दिले. खोडावर उभे ओरखडे दिसले तर तेही पाहावेत, मात्र अस्वल, साळिंदर आणि माणसाची कुऱ्हाड यांचे ओरखडे वेगळे काढायला सवय लागते. गंधाची जागा कॅमेऱ्यासाठी सर्वांत उत्तम, कारण एकाच जागेवर वेगवेगळे प्राणी वारंवार येतात, आणि तिथे पोहोचल्यावर प्राणी थांबतो, हुंगतो, वळतो. चालत्या प्राण्याचे रात्रीचे छायाचित्र पुसट येते. थांबलेल्याचे स्वच्छ येते. विष्ठा दिसली तर तिचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, पण उघड्या हाताने तिला हात लावू नये; मांजरांच्या विष्ठेतून माणसाला बाधणारे परजीवी पसरतात. ती उचलून नेऊही नये, कारण तो त्या प्राण्याने दुसऱ्यासाठी ठेवलेला निरोप आहे.

कॅमेऱ्याला काय दिसते

ट्रॅप कॅमेरा हालचाल पाहतो असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. त्याच्या पुढच्या भागात, लेन्सच्या खाली, एक पांढुरकी फुगीर खिडकी असते. तिच्या मागचा सेन्सर उष्णतेची अवरक्त किरणे टिपतो. ती खिडकी समोरच्या दृश्याचे अनेक पट्टे पाडते, आणि आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा अधिक गरम किंवा अधिक थंड काहीतरी एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकले की सेन्सर कॅमेऱ्याला जागे करतो. हे एवढे समजले की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

कॅमेऱ्याच्या समोरून आडवा जाणारा प्राणी अनेक पट्टे ओलांडतो, म्हणून चटकन पकडला जातो. थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा प्राणी बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि उशिरा पकडला जातो. कडक उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीचे आणि प्राण्याच्या अंगाचे तापमान सारखेच झाले तर सेन्सर जवळजवळ आंधळा होतो, तर थंडीतल्या पहाटे तो लांबचेही पकडतो. उन्हाने तापलेले पान वाऱ्याने हलले की त्याला प्राणी आल्यासारखे वाटते. आणि काच ही उष्णतेची किरणे अडवते, त्यामुळे खिडकीच्या काचेमागे किंवा घरी केलेल्या काचेच्या पेटीत कॅमेरा ठेवला तर तो कशालाच जागा होत नाही.

कॅमेरा निवडताना

जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा सर्वांत मोठा छापलेला असतो आणि मांजरांसाठी तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. पाहायचे ते हे, की सेन्सर जागा झाल्यापासून पहिले छायाचित्र निघेपर्यंत किती वेळ जातो. अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर चालेल. त्याहून जास्त असेल तर वाटेवरून झपझप जाणाऱ्या मांजराची शेपटीच तुमच्या वाट्याला येईल. दुसरी गोष्ट, एक छायाचित्र घेतल्यावर कॅमेरा पुन्हा तयार व्हायला किती वेळ घेतो, कारण मादीच्या मागून पिल्ले येत असली तर पुढचे दोन-तीन सेकंद फार मोलाचे असतात.

फ्लॅशबाबत तीन पर्याय असतात. पांढरा फ्लॅश रात्रीही रंगीत आणि रेखीव छायाचित्र देतो, पण प्राण्याला तो लख्ख दिसतो आणि काही प्राणी त्या जागेला बिचकतात. ८५० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे लांबपर्यंत उजेड टाकतात, मात्र पेटताना लालसर ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा पल्ला कमी असतो आणि चित्र जरा रवाळ येते. नवख्याने ९४०चा कॅमेरा घ्यावा असे माझे मत आहे. मांजरासाठी आपण तसेही दोन-तीन मीटरवरच कॅमेरा लावणार, आणि दिवा न दिसल्यामुळे चोरीची भीतीही कमी होते. तरीही कॅमेरा पूर्ण गुपित राहतो असे समजू नये. रात्रीच्या आणि दिवसाच्या छायाचित्रणात अदलाबदल करताना आतली गाळणी सरकते तिचा बारीक आवाज मांजराच्या कानाला पुरतो, आणि कित्येक छायाचित्रांत ते थेट लेन्सकडे पाहत असते.

सेलवर काटकसर करू नये. वापरून फेकायचे लिथियम सेल थंडीत टिकतात आणि अखेरपर्यंत दाब सारखा देतात. साधे अल्कलाइन सेल उतरू लागले की आधी रात्रीचा उजेड मंदावतो, म्हणजे जो वेळ मांजराचा तोच नेमका हातचा जातो. पुन्हा भरता येणारे सेल कचरा वाचवतात, पण त्यांचा दाब दीड व्होल्टऐवजी १.२ व्होल्ट असतो. आपला कॅमेरा त्यावर नीट चालतो का ते घरी पाहून घ्यावे. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत.

बांधणी

पहिल्या कॅमेऱ्याच्या वेळी मी तो छातीच्या उंचीवर बांधला होता, कारण तिथे हात सोयीने पोहोचत होता. महिनाभराने कार्डात हरणांच्या पाठी आणि माणसांच्या छात्या होत्या, आणि कॅमेऱ्याखालच्या धुळीत मांजराचे ताजे ठसे होते. सेन्सरचे पट्टे त्याच्या डोक्यावरून गेले होते. उंची ठरवायची ती आपल्या सोयीने नव्हे, त्या प्राण्याच्या खांद्याच्या हिशोबाने. लहान मांजरांसाठी वाटेच्या पातळीपासून २५ ते ३५ सेंटिमीटर, बिबट्याएवढ्या प्राण्यासाठी ४० ते ५० सेंटिमीटर उंची योग्य ठरते, आणि कॅमेऱ्याचा रोख जमिनीला समांतर असावा. इथे "वाटेच्या पातळीपासून" हे शब्द महत्त्वाचे आहेत. झाड उतारावर असेल तर झाडाच्या बुंध्यापासून मोजलेली उंची आणि वाटेपासूनची उंची यांत बराच फरक पडतो.

अंतर लहान प्रजातींसाठी दोन ते तीन मीटर आणि मोठ्यांसाठी तीन ते पाच मीटर ठेवावे. याहून जवळ गेल्यास रात्रीच्या उजेडात अंग पांढरेफटक येते आणि ठिपके दिसत नाहीत. वाटेला काटकोनात रोख ठेवला तर सेन्सर चांगला जागा होतो, पण प्राणी चौकटीतून झटकन निघून जातो. वाटेच्या सरळ रेषेत ठेवला तर प्राणी चौकटीत खूप वेळ राहतो, पण सेन्सर उशिरा जागा होतो. म्हणून साधारण ४५ अंशांचा तिरपा रोख हा मधला मार्ग आहे, आणि बहुतेक जागी मी तोच धरतो. गंधाच्या जागेवर प्राणी थांबणारच असतो, तिथे काटकोन चालतो आणि पूर्ण कूस दिसते.

रोख पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवू नये. उगवता-मावळता सूर्य लेन्समध्ये शिरतो, आणि नेमक्या त्याच वेळा मांजरांच्या वावराच्या असतात. उत्तर गोलार्धात रोख उत्तरेकडे आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे असणे उत्तम. समोरचे गवत आणि लोंबणारी फांदी कापावी लागते, पण हात आवरून. कॅमेरा आणि वाट यांच्यामधले गवत आणि सेन्सरच्या समोर हलणारी डहाळी तेवढी काढावी. वाटेच्या पलीकडे असलेला आडोसा तसाच राहू द्यावा. रात्रीत उघडी-बोडकी झालेली जागा मांजराला परकी वाटते. कॅमेरा हलत्या बारीक झाडाला बांधू नये, आणि जाड खोड नसेल तर जमिनीत खुंटी ठोकून बांधावा. खोडाला खिळे मारू नयेत, पट्टा पुरतो.

बांधून झाल्यावर निघून न जाता एक परीक्षा घ्यावी. बहुतेक कॅमेऱ्यांत अशा परीक्षेची सोय असते, जिच्यात सेन्सरने काही पकडले की पुढे छोटा दिवा लुकलुकतो. वाटेवरून दोन्ही दिशांनी चार पायांवर रांगत जावे. उभ्याने चालून घेतलेली परीक्षा फसवी, कारण तुमच्या छातीची ऊब सेन्सरला पुरते आणि मांजर मात्र त्याखालून निघून जाते. दिवा कुठे लुकलुकतो, कुठे लुकलुकत नाही हे सोबत्याला पाहायला सांगावे आणि रोख वर-खाली करण्यासाठी पट्ट्यामागे काटकी खोचून पुन्हा रांगावे. यानंतर आणखी एक काम करावे, जे बहुतेक जण टाळतात. दर १० सेंटिमीटरला रंगीत खूण केलेली काठी वाटेच्या मध्यावर उभी धरून तिचे छायाचित्र कॅमेऱ्याकडूनच काढून घ्यावे. पुढे एखादा प्राणी नेमका त्याच जागी उभा दिसला की पडद्यावर त्या काठीशी ताडून त्याच्या खांद्याची उंची काढता येते. रात्रीच्या चित्रात आकाराचा अंदाज फार चुकतो. काठीमुळे पाळीव मांजराचा बिबट्या होत नाही.

अंगावर पट्टे किंवा ठिपके असलेल्या प्राण्यांत एकेक जनावर ओळखायचे असेल तर वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा हवा, कारण डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षी वेगळी असते. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर न ठेवता थोडे पुढे-मागे ठेवावेत, म्हणजे एकाचा उजेड दुसऱ्याच्या लेन्सवर पडत नाही.

कॅमेऱ्यातल्या नोंदी

तारीख आणि वेळ आधी लावावी आणि दर भेटीत घड्याळाशी ताडून पाहावी. वेळ चुकलेल्या छायाचित्राचा अभ्यासाला निम्माही उपयोग राहत नाही. कॅमेरा प्रत्येक वेळी जागा झाल्यावर सलग तीन छायाचित्रे आणि त्यांच्यानंतर शक्य तितका कमी विराम ठेवावा. व्हिडिओतून वागणूक कळते, पण तो सेल खातो आणि सुरू व्हायला उशीर लावतो. गंधाच्या जागी तो जरूर घ्यावा, वाटेवर छायाचित्रेच बरी. कार्ड संगणकावर न पुसता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. सेन्सरची तीव्रता उन्हाळ्यात जास्त आणि थंडीत मध्यम ठेवावी. कव्हरात सिलिका जेलची पुडी टाकली तर पावसाळ्यात लेन्सवर आतून वाफ धरत नाही.

आमिष नको

मांस ठेवले तर मांजर येईल, हे बहुतेक नवख्यांच्या मनात येतेच. ते करू नये. आमिषावर कोल्हे, कुत्री, डुकरे आधी येतात, एकाच जागी जमलेल्या प्राण्यांत रोग पसरतात, आणि माणसाच्या वासाशी अन्नाची सांगड बसलेला प्राणी पुढे वस्तीपर्यंत येऊ शकतो. कोंबडी किंवा शेळी जिवंत बांधणे तर क्रौर्यच आहे. संशोधक कधीकधी कॅटनिप, व्हॅलेरियन या मांजरांना भुलवणाऱ्या वनस्पतींचे किंवा अत्तरासारखे गंध वापरतात, पण ते ठरलेल्या अभ्यासाचा भाग म्हणून. शिवाय सगळ्याच प्रजाती आणि सगळीच जनावरे त्यांना दाद देत नाहीत. वाट बरोबर निवडली असेल तर यांतले काहीच लागत नाही. पिल्ले असलेल्या गुहेच्या, बिळाच्या किंवा उसासारख्या दाट पिकातल्या जागेच्या तोंडाशी कॅमेरा कधीही लावू नये. माणसाचा वावर जाणवला तर मादी पिल्ले उचलून दुसरीकडे नेते, आणि त्या हलवाहलवीत पिल्ले दगावण्याचा धोका असतो. एकटी दिसलेली पिल्ले बहुधा टाकलेली नसतात; आई शिकारीला गेलेली असते. त्यांना न हाताळता दूर व्हावे आणि वनखात्याला कळवावे.

थांबणे

सुरुवातीला दर दोन दिवसांनी कार्ड पाहायची ओढ लागते आणि ती समजण्यासारखी आहे, पण प्रत्येक फेरीत आपण त्या जागेवर आपला वास सोडतो. पहिली भेट आठवड्याने घ्यावी, ती केवळ कॅमेरा सरळ आहे ना, मुंग्यांनी सेन्सरवर घर केले नाही ना, माकडाने रोख फिरवला नाही ना, एवढे पाहण्यासाठी. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी एकदा जावे, भर दुपारी, आणि तिथे डबा उघडणे किंवा विसावा घेणे टाळावे.

एका जागेला निदान ३० रात्री द्याव्यात. लहान मांजराचा वावरही काही चौरस किलोमीटरचा असू शकतो, आणि आपल्या वाटेवर परत यायला त्याला आठवडे लागतात. कामाचा हिशोब कॅमेरा-रात्रींत ठेवतात. तीन कॅमेरे २० रात्री चालले तर ६० कॅमेरा-रात्री झाल्या. शेकडो कॅमेरा-रात्रींनंतर दुर्मीळ प्रजातीचे पहिले छायाचित्र मिळणे यात अपयश काही नाही. महिन्यानंतरही ससे-मुंगसांसकट काहीच येत नसेल तर जागा किंवा बांधणी चुकली आहे. बाकी सगळे येत असेल आणि मांजर तेवढे येत नसेल तर आणखी एक महिना थांबावे किंवा कॅमेरा त्याच वाटेवर दोनशे-तीनशे मीटर पुढे न्यावा. ज्या रात्री काहीच आले नाही त्यांचीही नोंद ठेवावी, कारण किती रात्रींत काय आले हे कळल्याशिवाय दोन जागांची तुलना होत नाही.

छायाचित्रे वाचणे

कार्डात काय आले याइतकेच ते कसे आले हे पाहावे. पहिल्याच चित्रात प्राण्याचा मागचा भाग आणि शेपटी असेल, आणि असे पुन्हा पुन्हा घडत असेल, तर कॅमेरा उशिरा जागा होतो आहे. तिरपा रोख ज्या बाजूने प्राणी येतो तिकडे वळवावा, म्हणजे तो दूर असतानाच पकडला जाईल. प्राणी चौकटीच्या तळाशी कापला जात असेल तर रोख खाली घ्यावा. अंग पांढरे पडत असेल तर कॅमेरा मागे सरकवावा. शेकडो रिकामी चित्रे एकाच वेळेची असतील तर ऊन आणि हलते गवत यांचा मेळ त्या वेळी बसतो आहे. रिकाम्या चित्रांतली काही मात्र खरोखर रिकामी नसतात. ती पुसण्याआधी उजळून पाहावीत. कडेला, गवतामागे, दोन डोळ्यांचे ठिपके किंवा एका कानाचे टोक असते, आणि नंतर पडताळले तर ते आपण शोधत असलेलेच मांजर निघते.

ओळख पटवताना शेपटीकडे आधी पाहावे. रानमांजराची शेपटी अंगाच्या मानाने आखूड आणि टोकाशी काळ्या वलयांची असते, पाय लांब असतात आणि कानांच्या टोकाला केसांचा बारीक झुबका असतो. युरोपीय वनमांजराची शेपटी जाड, झुपकेदार, टोकाशी बोथट असते आणि पाठीवरची काळी रेघ शेपटीच्या मुळाशी थांबते. पाळीव मांजरात ती बरेचदा शेपटीवरही उतरते. रात्रीच्या कृष्णधवल चित्रात रंगाचा आधार नसतो, म्हणून ठिपक्यांची मांडणी, कानामागचा पांढरा डाग, कपाळावरच्या रेघा यांवर भर द्यावा. काळा बिबट्याही या उजेडात वेगळाच दिसतो. मलेशियाच्या द्वीपकल्पात जवळजवळ सगळेच बिबटे काळे आहेत. तिथल्या संशोधकांनी कॅमेरे कायम अवरक्त छायाचित्रणावर राहतील अशी तजवीज केली, तेव्हा काळ्या केसांतली ठिपक्यांची नक्षी उमटली आणि एकेक जनावर वेगळे ओळखता आले. प्यूमासारख्या एकरंगी प्राण्यांत ही सोय नाही. तिथे जुन्या जखमा, कानाची फाट, शेपटीचा बाक अशा खुणांवर भागवावे लागते. खात्री नसेल तर नोंदवहीत प्रजातीचे नाव न लिहिता "लहान मांजर, ठिपके अस्पष्ट" असे लिहावे आणि जाणकाराला मूळ छायाचित्र, मोजकाठीच्या छायाचित्रासह दाखवावे.

हे छायाचित्र इतरांना दाखवण्याआधी त्यात दडलेली जागेची माहिती काढून टाकावी. फोनने काढलेल्या चित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश असतात, आणि काही कॅमेरे चित्राच्या तळपट्टीवर ठिकाणाचे नाव छापतात. ओळखू येणारा दगड, देवळाचा कळस किंवा पाटी चौकटीत असेल तर तो भाग कापावा. जिल्ह्याहून बारीक ठिकाण सांगू नये, आणि सांगायचेच तर काही महिने जाऊ द्यावेत, कारण कातडी-नखांसाठी शिकार करणारेही हीच छायाचित्रे पाहतात. पूर्ण नोंद, ठिकाणासह, वनखात्याला किंवा त्या प्रजातीवर काम करणाऱ्या अभ्यासकांना द्यावी. काम संपले की कॅमेऱ्याबरोबर पट्टा, खुंटी आणि काटक्या खोचलेल्या दोऱ्याही सोडवून आणाव्यात. विसरलेला पट्टा वाढत्या झाडाच्या सालीत रुतत जातो.